गृहकर्जाचा हप्ता झेपेनासा झाला तर: पुण्यातल्या कर्जदारांसाठी

आधी एक गैरसमज काढून टाकू. घरमालक अडचणीत आला म्हणून सरकारने त्याचे हप्ते भरावेत, अशी कोणतीही कायमची योजना आपल्याकडे नाही. कोविडमध्ये मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्त्यांना स्थगिती होती. त्यानंतर ऑगस्ट २०२० आणि मे २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज फेररचनेच्या, म्हणजे अडचणीतल्या कर्जाच्या अटी सैल करून घेण्याच्या, दोन खास खिडक्या उघडल्या. त्या केव्हाच बंद झाल्या. तरीही ‘गृहकर्ज माफी योजना’ असे मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरत राहतात. पैसे घेऊन ‘कर्जमाफी प्रमाणपत्र’ देणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. असं प्रमाणपत्र नावाची चीजच अस्तित्वात नाही.

मग आहे काय? व्याजदर आणि मुदत बदलून घेण्याचा हक्क, बँकेच्या मर्जीवरची फेररचना, ठरावीक कर्जांना पंतप्रधान आवास योजनेचं व्याज अनुदान आणि घरावर टाच येत असताना कायद्याने दिलेली मुदत. यातलं जे स्वस्त आणि सोपं आहे ते जवळपास सगळं पहिल्या नव्वद दिवसांत मिळतं. नव्वद दिवस उलटले की तीच गोष्ट महाग होते, नाहीतर मिळतच नाही. म्हणून सुरुवात कॅलेंडरपासून करायची.

नव्वद दिवस कसे मोजतात

समजा ५ एप्रिलचा हप्ता चुकला. त्याच दिवशी रात्री बँकेच्या सिस्टिममध्ये तुमचं खातं ‘एसएमए-०’ होतं, म्हणजे लक्ष ठेवायच्या थकीत खात्यांच्या पहिल्या पायरीवर जातं. पैसे आलेच नाहीत तर ५ मेला ‘एसएमए-१’, ४ जूनला ‘एसएमए-२’ आणि ४ जुलैला ‘एनपीए’, म्हणजे बुडीत खात्याच्या यादीत. दिवस हप्त्याच्या तारखेपासून धावतात. ‘तीन महिने झाले की बघू’ म्हणणारे इथेच एक-दोन दिवसांनी चुकतात.

भरलेली रक्कम सर्वांत जुन्या थकबाकीला जमा होते. त्यामुळे एनपीए होण्याआधी, अगदी जूनच्या अखेरीस एक पूर्ण हप्ता भरला तरी एप्रिलचा हप्ता फिटतो आणि खातं महिनाभर मागे सरकतं. एकदा एनपीए झालं की हे चालत नाही. मुद्दल आणि व्याज मिळून सगळी थकबाकी शून्यावर आणल्याशिवाय खातं नियमित होत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. चार हप्ते थकल्यावर दोन भरून ‘आता बँक गप्प बसेल’ असं समजणाऱ्यांना नोटीस येते ती यामुळेच. हातात एकाच हप्त्याचे पैसे असतील तर ते नव्वदाव्या दिवसाच्या अलीकडे भरा, पलीकडे नाही.

खात्यात पैसे नसताना ऑटो-डेबिट लागू देऊ नका. हप्ता परत गेला की बँकेचा दंड आणि त्यावर जीएसटी लागतो, आणि जिथून पैसे जायचे ती बँकही वेगळे कापते. शिवाय पुरेशी शिल्लक नसल्याने ऑटो-डेबिट परतणं हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखाच गुन्हा आहे. तशी नोटीस आली तर १५ दिवसांत ती रक्कम भरणं हाच सगळ्यात स्वस्त मार्ग. पगार उशिरा होत असेल तर हप्त्याची तारीख बदलून मागा.

कर्ज नक्की कोणाचं आहे?

मंजुरीपत्र काढून पाहा. राष्ट्रीयीकृत किंवा खासगी बँक, हाउसिंग फायनान्स कंपनी, नागरी सहकारी बँक की पतसंस्था, यावर पुढचे नियम आणि तक्रारीची जागा ठरते. पुण्यात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण पेठांपासून हडपसरपर्यंत सहकारी बँका आणि पतसंस्थांची घरकर्जं खूप आहेत.

पतसंस्थेला पुढे येणारा ‘सरफेसी’ कायदा (थकीत कर्जासाठी न्यायालयात दावा न करता घर ताब्यात घेऊन विकू देणारा) लागू नाही. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळवते आणि त्या जोरावर जप्ती करते. दाखल्याच्या सुनावणीची नोटीस आली की हजर राहा आणि हिशेबाचा वाद तिथेच लेखी नोंदवा. दाखला निघाल्यानंतर कलम १५४ खाली पुनरीक्षण करायचं तर वसुलीच्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि ती बहुतेकांकडे नसते. नागरी सहकारी बँकांना मात्र सरफेसी लागू आहे. मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

पहिली पायरी: व्याजदर तपासा

मुदतवाढ मागण्याआधी हे करायचं, कारण याला सहसा कोणाच्या दयेची गरज लागत नाही. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेतून घेतलेलं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं, कर्ज बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक वेळा रेपोला जोडलेलं असतं. त्याचा दर आपोआप उतरतो. पण दर उतरला तरी बँका सहसा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. तुम्हाला आत्ता मुदत कमी नको आहे, हप्ता कमी हवा आहे. तसा लेखी अर्ज द्या: ‘मूळ मुदत कायम ठेवून हप्ता कमी करावा.’

जुनं कर्ज एमसीएलआर किंवा बेस रेटवर (बँकेने स्वतः ठरवलेल्या मापदंडांवर) असेल, किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल, तर दर आपोआप उतरेलच असं नाही. नव्या ग्राहकाला आज काय दर देता, हे विचारा आणि ‘कन्व्हर्जन फी’ भरून त्या दरावर या. फी एकदाच जाते, फरक दर महिन्याला मिळतो.

आकडेच पाहा. ४० लाख मुद्दल बाकी, १५ वर्षं शिल्लक, दर साडेआठ टक्के असेल तर हप्ता सुमारे ३९,३९० रुपये. दर न बदलता मुदत २५ वर्षं केली तर हप्ता ३२,२०९ वर येतो. पण आधी दर साडेसात टक्क्यांवर आणून मुदत फक्त २० वर्षं केली तर हप्ता ३२,२२४. खिशातून महिन्याला जवळपास तेवढीच रक्कम जाते, पण पहिल्या वाटेने एकूण व्याज ५६.६ लाख होतं आणि दुसऱ्या वाटेने ३७.३ लाख. शाखेत ‘मुदत वाढवून देतो’ म्हणाले की लगेच सही करू नये, ती यासाठी.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची मुभा कर्जदाराला द्यावी लागते. दर तिमाहीला किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं, किती हप्ते उरले आणि सध्याचा वार्षिक दर काय, याचं विवरणही द्यावं लागतं. ते आलं नसेल तर मागा. पुढच्या प्रत्येक अर्जाला तेच जोडायचं आहे.

कर्ज दुसऱ्या बँकेत नेणं हा पर्यायही याच टप्प्यावर. व्यक्तीच्या फ्लोटिंग गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. खर्च होतो तो नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकील आणि मूल्यांकनाची फी आणि गहाणखताची स्टॅम्प ड्युटी यांचा. मात्र मागचे बारा हप्ते स्वच्छ दिसले पाहिजेत. एक-दोन बाउन्स झाल्यावर नवी बँक दार उघडत नाही. म्हणजे नोकरी जाणार अशी कुणकुण लागली, तेव्हाच हे करायचं.

दुसरी पायरी: फेररचनेचा अर्ज

पगार थांबला, धंदा बसला, आजारपण आलं आणि कमी केलेला हप्ताही झेपत नसेल, तर बँकेकडे तीनपैकी एक गोष्ट मागता येते. मुदतवाढ, काही महिने फक्त व्याज, किंवा काही महिने पूर्ण स्थगिती. तिन्ही बँकेच्या धोरणावर आणि मर्जीवर आहेत, हक्क नाहीत.

पूर्ण स्थगिती सर्वांना आकर्षक वाटते आणि सर्वांत महाग पडते. वरच्याच उदाहरणात महिन्याचं व्याज २८,३३३ रुपये होतं. सहा महिने काहीच भरलं नाही तर व्याजावर व्याज धरून मुद्दलात सुमारे १.७३ लाख चढतात, आणि तोच हप्ता चालू ठेवला तर १८० ऐवजी साधारण १९७ हप्ते उरतात. सहा महिन्यांच्या सुट्टीची किंमत सतरा जादा हप्ते. फक्त व्याज भरत राहिलात तर मुद्दल आहे तिथेच थांबतं. जमत असेल तर तेच मागा.

आणखी एक काटा. आर्थिक अडचणीमुळे अटी सैल केल्या तर बँकेला ते कर्ज ‘रिस्ट्रक्चर्ड’ म्हणून दाखवावं लागतं, बहुतेक वेळा खात्याचा दर्जाही घसरतो. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालात, त्याची नोंद राहते. दर बदलताना केलेलं हप्ता-मुदतीचं गणित फेररचनेत मोडत नाही. म्हणून जे काम पहिल्या पायरीत होत असेल ते दुसऱ्या पायरीत मागू नका, आणि अर्ज देताना ‘याची सिबिलला नोंद काय होईल?’ हे लेखी विचारून घ्या.

अर्ज लांबलचक नको. इतकं पुरे:

‘प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: गृहकर्ज खाते क्रमांक … च्या हप्त्यात तात्पुरता बदल करण्याबाबत. महोदय, वरील कर्जाचे हप्ते मी आजवर नियमित भरले आहेत. दिनांक … रोजी माझी नोकरी संपुष्टात आली (पत्र सोबत जोडले आहे). सध्या पत्नीच्या वेतनातून दरमहा … रुपये भरणे मला शक्य आहे. तरी … ते … या नऊ महिन्यांसाठी फक्त व्याज आकारावे व त्यानंतर मुदत … महिन्यांनी वाढवून हप्ता … रुपये करावा. या बदलाने सिबिलमध्ये होणारी नोंद, आकार आणि सुधारित परतफेड तक्ता कृपया लेखी कळवावा. माझी पुढील हप्त्याची तारीख … आहे. त्यापूर्वी उत्तर मिळावे ही विनंती.’

‘काहीतरी करा साहेब’ असं लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो. रक्कम, महिने आणि तारखा लिहिलेला अर्ज पुढे पाठवता येतो, कारण वरच्या अधिकाऱ्याला होय किंवा नाही एवढंच म्हणायचं असतं. सोबत कंपनीचं पत्र किंवा हॉस्पिटलची कागदपत्रं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सहकर्जदाराची पगारपत्रकं आणि घरखर्चाचा एक पानी हिशेब जोडा. सहकर्जदाराची सही हवीच. ती नाही म्हणून अर्ज परत येणं हा नेहमीचा प्रकार आहे.

मोठ्या बँकांची गृहकर्जं शाखेतून चालत नाहीत. शहरातल्या मध्यवर्ती कर्ज केंद्रात फाइल असते आणि शाखा फक्त कागद पुढे ढकलते. म्हणून अर्जाची एक प्रत शाखेत, एक कर्ज केंद्रात, एक ईमेलने. दोन्ही ठिकाणी शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी ‘बघतो’ला किंमत नाही. वसुली विभागाला शाखेतलं बोलणं माहीतच नसतं.

हे करत असताना तीन ठिकाणी पैसा शोधा. कर्जासोबत विमा गळ्यात मारला होता का? मंजुरीच्या फाइलमध्ये पॉलिसी पाहा. गंभीर आजार किंवा नोकरी जाण्याचं कवच असेल तर काही हप्ते विमा कंपनी भरते. पण अशा पॉलिसी स्वतःहून दिलेला राजीनामा बहुधा धरत नाहीत. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत ‘राजीनामा द्या, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील’ असं सांगितलं जातं. सही करण्याआधी पॉलिसीची अट वाचा. दुसरं, पीएफमधून गृहकर्ज फेडीसाठी रक्कम काढण्याची तरतूद आहे, अर्ज युएएन पोर्टलवर करता येतो. तिसरं, कर्ज ओव्हरड्राफ्ट प्रकारचं असेल आणि त्यात जादा पैसे ठेवले असतील तर ते परत काढता येतात. नोकरी सुटल्यावर आलेली एकरकमी रक्कम मात्र साध्या कर्जाच्या मुद्दलात ओतू नका. ती परत मिळत नाही, आणि पुढच्या महिन्याचा हप्ता तसाच उभा राहतो.

हप्ता भरायला पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्ड हे आगीत तेल. खासगी सावकार त्याहून वाईट. बिनपरवाना सावकारी हा महाराष्ट्र सावकारी कायदा २०१४ खाली गुन्हा आहे, आणि अशा व्यवहारात घर लिहून घेतलं असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करून ते परत मागता येतं.

घर भाड्याने देऊन हप्ता भागवायचा असेल तर

बाणेरचा फ्लॅट भाड्याने देऊन आपण धायरीला छोट्या घरात जाणं हा पुण्यातला जुना आणि बऱ्याचदा बरा उपाय आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्वतः राहता म्हणून महापालिकेच्या मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत भाडेकरू ठेवला की जाते, तेव्हा हिशेब करताना वाढीव कर धरा. आणि पुढे सांगितलेली ६० दिवसांची नोटीस एकदा आली की बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. भाडेकरार करायचा तर त्याआधी, आणि तो नोंदणीकृतच.

मेंटेनन्स थकवू नका. सोसायटी थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावू शकते, आणि घर विकायची वेळ आली की नो-ड्यूजसाठी (थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी) तेच पैसे एकदम द्यावे लागतात.

व्याज अनुदान कोणाला मिळू शकतं

पंतप्रधान आवास योजना-शहरी २.० मध्ये व्याज अनुदान आहे, पण फक्त १ सप्टेंबर २०२४ किंवा नंतर मंजूर होऊन वाटप झालेल्या कर्जांना. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नाही, या मुख्य अटी. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान मिळतं, ते एकूण १.८० लाखांपर्यंत आणि पाच वार्षिक हप्त्यांत. ३५ लाखांची अट पाहता पुण्यात हे मुख्यतः शहराच्या कडेची छोटी घरं घेणाऱ्यांच्या कामाचं. अर्ज योजनेच्या पोर्टलवर करायचा आणि बँकेला कळवायचं. अनुदान जमा होताना कर्जखातं चालू असावं लागतं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. म्हणजे हप्ते थकवले तर अनुदानाचा पुढचा हप्ताही धोक्यात. जुन्या योजनेची दारं मात्र बंद झाली आहेत: मध्यम उत्पन्न गटासाठी मार्च २०२१ मध्ये, अल्प उत्पन्न गटासाठी मार्च २०२२ मध्ये.

पूर किंवा अन्य आपत्तीत घराचं वा रोजगाराचं नुकसान झालं असेल तर बँकर्स समितीने जाहीर केलेल्या भागात कर्जाला सवलत मिळू शकते. महाराष्ट्रात ही राज्यस्तरीय समिती बँक ऑफ महाराष्ट्र चालवते आणि त्या बँकेचं मुख्यालय शिवाजीनगरला आहे. तुमचा भाग यादीत आहे का, एवढंच शाखेत विचारा.

बिल्डरने ताबाच दिला नाही

भाडं आणि हप्ता दोन्ही भरणाऱ्यांची ही कोंडी. बँकेच्या दृष्टीने कर्ज तुमचंच, प्रकल्प रखडला म्हणून हप्ता थांबत नाही. पण नोंदणीकृत करारातली ताब्याची तारीख उलटली असेल तर रेरा कायद्याच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या) कलम १८ खाली, घर न सोडताही, उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज बिल्डरकडून मागता येतं. दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर आणखी २ टक्के. तक्रार महारेराच्या संकेतस्थळावर, फी ५,००० रुपये. बिल्डरने आदेश पाळला नाही तर वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. याला वेळ लागतो, त्यामुळे तक्रार आज करा आणि हप्त्याची सोय वेगळी लावा.

६० दिवसांची नोटीस आली

खातं एनपीए झालं की बँक सरफेसी कायदा २००२ च्या कलम १३(२) खाली नोटीस पाठवते: ६० दिवसांत सगळं कर्ज भरा. रजिस्टर पोस्ट परत पाठवू नका. तुम्ही घेतली नाही तरी ती दारावर चिकटवता येते आणि वर्तमानपत्रात छापता येते, फक्त तुमचे दिवस वाया जातात.

या ६० दिवसांत करायचं मुख्य काम म्हणजे कलम १३(३अ) खालचं लेखी निवेदन. हिशेबातल्या चुका, न धरलेले हप्ते, चुकीचा व्याजदर, भरण्याचा प्रस्ताव, सगळं त्यात मांडा. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. दंडाचा आकडा इथे नीट तपासा. आता दंड ‘दंडात्मक आकार’ म्हणूनच लावता येतो. तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्यावर पुन्हा व्याज धरता येत नाही. मुद्दल आणि व्याज मिळून २० टक्क्यांहून कमी रक्कम बाकी असेल तर हा कायदा वापरताच येत नाही. शेवटची तीन-चार वर्षं उरलेल्यांनी हे जरूर पाहावं.

६० दिवसांनंतर कलम १३(४): दारावर ताब्याची नोटीस लागते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. हा बहुधा कागदी ताबा असतो, कुटुंब घरातच असतं. प्रत्यक्ष बाहेर काढण्यासाठी बँक जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडून कलम १४ चा आदेश आणते.

ताब्याच्या नोटिशीपासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत अर्ज करता येतो. पुण्याचं डीआरटी शिवाजीनगर भागात आहे, त्यावरचं अपील मुंबईला. दिवाणी न्यायालयात स्थगितीसाठी जाऊ नका. कलम ३४ ने तो रस्ता बंद आहे आणि तारखा पडेपर्यंत ४५ दिवस निघून जातात. डीआरटीची फी दहा लाखांवरच्या कर्जासाठी ५,००० रुपये, अधिक दहा लाखांपुढच्या प्रत्येक लाखाला २५०. म्हणजे ४० लाखांच्या वसुलीला १२,५०० रुपये, वकिलाची फी वेगळी. अंतरिम स्थगिती बहुतेक वेळा काही रक्कम भरण्याच्या अटीवरच मिळते, तेव्हा रिकाम्या हाताने जाऊन फारसं हाती लागत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि वार्षिक ३ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात.

डीआरटीत चालतात ते मुद्दे कागदाचे असतात. ६० दिवस पूर्ण न होता ताबा घेतला, निवेदनाला उत्तर दिलं नाही, मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल नाही, मराठी वर्तमानपत्रात नोटीस नाही, पहिल्या लिलावाआधी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस नाही. ‘माझी परिस्थिती वाईट आहे’ हा मुद्दा तिथे टिकत नाही. तो बँकेसमोर मांडायचा.

स्वतः विकणं की लिलाव होऊ देणं

उत्पन्न परत उभं राहण्याची चिन्हं नसतील तर घर स्वतः विका, आणि लवकर विका. लिलावातल्या घराला बाजारभाव मिळत नाही. बोली आली नाही तर पुढच्या खेपेला राखीव किंमत आणखी खाली येते.

कर्ज असलेलं घर विकता येतं. बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि ताब्यातल्या कागदपत्रांची यादी घ्या. खरेदीदाराची बँक तुमच्या बँकेच्या नावाने परस्पर रक्कम देते आणि उरलेली तुम्हाला. सोसायटीचं नो-ड्यूज आणि मिळकतकराची पावती तयार ठेवा. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापेल. महापालिका हद्दीत खरेदीदाराला ७ टक्के मुद्रांक शुल्क पडतं, खरेदी महिलेच्या नावावर असेल तर ६. भाव ठरवताना तो हे धरूनच बोलतो. सगळ्याला दीड-दोन महिने धरा. ६० दिवसांची नोटीस येऊन गेली असेल तर बँकेची लेखी संमती आधी. आणि लिलावाची नोटीस वर्तमानपत्रात येण्याआधीच सगळी रक्कम भरून घर सोडवून घ्यायला हवं. त्यानंतर तो हक्क उरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. लिलाव झालाच आणि कर्ज व खर्च वजा जाऊन पैसे उरले, तर ते तुमचे आहेत, लेखी मागा.

एकरकमी तडजोड, म्हणजे ठरवलेली कमी रक्कम एकदम भरून कर्ज मिटवणं, हा शेवटचा पर्याय. राष्ट्रीय लोकअदालतीत बँका अशी प्रकरणं ठेवतात आणि तिथला निवाडा अंतिम असतो. रक्कम, तारीख आणि ‘यानंतर कोणतीही मागणी राहणार नाही’ हे वाक्य बँकेच्या पत्रावर असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. ठरलेली तारीख एक दिवसाने चुकली तरी तडजोड मोडू शकते. सिबिलवर ‘सेटल्ड’ अशी नोंद येते, ‘क्लोज्ड’ नाही, आणि त्याच बँकेकडून किमान बारा महिने नवं कर्ज मिळत नाही. टक्केवारी घेऊन ‘सेटलमेंट करून देतो, तुम्ही हप्ते थांबवा’ म्हणणाऱ्या एजन्सींच्या नादी लागू नका. हप्ते थांबवल्याने घर धोक्यात येतं ते तुमचं.

एजंट आणि तक्रार

वसुली एजंट सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना किंवा ऑफिसमध्ये बदनामी करू शकत नाहीत. ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, कॉल रेकॉर्ड करा, धमकी आली तर पोलीस चौकीत लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. हाउसिंग फायनान्स कंपनीची तक्रार लोकपालाकडे जात नाही. ती नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर. तक्रारीत ‘फेररचना दिली नाही’ असं लिहिलं तर ती बहुधा फेटाळली जाते, कारण तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानतात. ‘अमुक तारखेच्या अर्जाला उत्तर नाही, दंडावर व्याज लावलं, दर बदलताना पर्याय दिला नाही’ असं लिहा आणि पोच जोडा.

कर्ज फिटलं, मग ते विकून असो, तडजोडीने असो किंवा हप्त्यांनी, तर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. कागद घेताना यादीशी एकेक पान ताडून पाहा, विशेषतः मूळ करारनामा, नोंदणी पावती आणि सूची २. मग सरसाई, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदणीतला बोजा उतरला का ते तपासा, आणि महिन्याभराने सिबिल अहवाल काढून खात्यासमोर काय लिहिलं आहे ते वाचा. चुकीचं असेल तर सिबिलच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.